फळ्यावरचा चौदा ऑगस्ट

बोईसरमधल्या एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत शिक्षकखोलीच्या दाराशेजारी एक छोटा फळा आहे. वर सुविचार, खाली त्या दिवसाची पटसंख्या आणि मधल्या मोठ्या जागेत दिनविशेष. असा फळा नसलेली शाळा महाराष्ट्रात शोधावी लागेल. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना झाली की एखादा मुलगा किंवा मुलगी पुढे येते आणि फळ्यावरच्या ओळी घडाघडा वाचते. अमक्यांचा जन्म, तमक्यांचे निधन, अमुक देश स्वतंत्र झाला. दोन मिनिटांत सगळे आटोपते आणि रांगा वर्गाकडे वळतात. त्या ओळी कुणी लिहिल्या, कुठून आणल्या, खऱ्या की खोट्या, हे सहसा कुणी विचारत नाही. या शाळेत ते काम इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंकडे आले आणि त्यांनी ते विचारायला सुरुवात केली.

शाळेत येणारी मुले चारी दिशांची. कितीतरी जणांचे आईवडील तारापूर एमआयडीसीतल्या रसायनांच्या, औषधांच्या, पोलादाच्या कारखान्यांत पाळीने कामाला जातात. कुणाचे घर मूळचे खानदेशातले, कुणाचे मराठवाड्यातले, कुणाचे उत्तर प्रदेश-बिहारमधले. काही मुले सालवड, सरावली, पास्थळ, कुंभवली या भोवतालच्या गावांतली, काही नांदगाव-नवापूरच्या किनाऱ्यावरची, काही पूर्वेकडच्या पाड्यांवरची, तर काहींच्या घरी अणुऊर्जा केंद्रातली नोकरी. छापील दिनविशेष मात्र सगळ्या राज्याला एकच. कोल्हापूरच्या मुलांनी जे वाचायचे, तेच बोईसरच्या मुलांनी.

हे खुपले ते ऑगस्टमध्ये. शाळेत आधीपासून चालत आलेल्या दिनविशेषाच्या वहीत १४ ऑगस्टच्या पानावर पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन होता. १८६२ साली याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाचे काम सुरू झाले, हे होते. काही देशी-परदेशी जन्ममृत्यू होते. शाळा आहे पालघर तालुक्यात, आणि पालघरचे नाव पानावर कुठेच नव्हते.

पालघरमध्ये १४ ऑगस्ट म्हणजे काय, हे तिथल्या जुन्या माणसाला सांगावे लागत नाही. ८ ऑगस्ट १९४२ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे नेत्यांची धरपकड झाली आणि त्यानंतरच्या आठवड्याच्या आतच किनाऱ्यावरच्या आणि बागायतीतल्या गावांमधून लोक पालघरच्या कचेरीवर मोर्चा घेऊन निघाले. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. सातपाटीचे काशिनाथ पागधरे, मुरब्याचे रामचंद्र चुरी, नांदगावचे गोविंद ठाकूर, पालघरचे रामप्रसाद तेवारी आणि सालवडचे सुकुर मोरे. पालघरच्या हुतात्मा चौकात त्यांचे स्मारक आहे. लोक त्या चौकाला पाचबत्ती म्हणतात. दरवर्षी १४ ऑगस्टला गावोगावची माणसे आणि शाळांची मुले तिथे जमून त्यांना मानवंदना देतात.

बाईंनी त्या वर्षी बाकीच्या सगळ्या नोंदी खाली सरकवल्या आणि वरच्या ओळीत ही पाच नावे लिहिली, प्रत्येकापुढे गावाचे नाव. परिपाठात नावे वाचली गेली तेव्हा रांगेत हालचाल झाली. सालवडची मुले एकमेकांकडे बघत होती. ज्या गावच्या रस्त्याने ती रोज चालत येतात, त्या गावचा माणूस शाळेच्या फळ्यावर आला होता. नांदगावच्या एका मुलीने मधल्या सुट्टीत येऊन विचारले, “बाई, ते चालत गेले असतील का हो पालघरपर्यंत?” इतिहासाच्या पुस्तकातल्या कुठल्याही धड्यावर असा प्रश्न त्या वर्गाने आधी विचारला नव्हता. मग भिंतीवरचा तालुक्याचा नकाशा खाली उतरला. सातपाटी ते पालघर आठेक किलोमीटर. मुरबे आणि सातपाटी यांच्यामध्ये खाडी. नांदगाव तर आणखी लांब. ऑगस्टचा पाऊस, भातखाचरांत पाणी, आणि हातात झेंडा. मुलांना हे वेगळे समजावून द्यावे लागले नाही. पावसाळ्यात तिथले रस्ते कसे असतात हे त्यांना ठाऊक होते.

या तारखेचे दुर्दैव असे की ती १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी येते. शाळांमध्ये त्या दिवशी कवायतीची शेवटची तालीम असते, पटांगणावर फक्कीच्या रेषा मारायच्या असतात, झेंड्याची दोरी तपासायची असते, भाषणे पाठ करून घ्यायची असतात. या धावपळीत आदल्या दिवसाला कोण विचारणार? बाईंनी मुख्याध्यापकांशी बोलून एक साधा बदल करून घेतला. तालमीच्या आधी सगळी शाळा रांगेत उभी असतेच, त्याच वेळी पाच गावांतली किंवा त्यांच्या जवळची पाच मुले एकेक नाव उच्चारतात. वेगळा कार्यक्रम नाही, पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. पण आता सातवी-आठवीतल्या मुलांना ही नावे तोंडपाठ आहेत.

पुढे दरवर्षी त्या पानात भर पडत गेली. गोदावरी परुळेकर यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७चा, हे जेव्हा बाईंना सापडले तेव्हा त्यांना किती आनंद झाला असेल, याची कल्पना याच जिल्ह्यात शिकवणाऱ्या माणसाला यावी. पुण्यात जन्मलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या गोदावरीताई डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर येऊन राहिल्या आणि वेठबिगारी व लग्नगडीची पद्धत मोडण्यासाठी १९४५ साली उभ्या राहिलेल्या लढ्याच्या आघाडीवर होत्या. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून पैसे घेतलेला गडी बायकोसह त्याच्याकडे राबत राहायचा, कधी कधी जन्मभर. या अनुभवांवर त्यांनी लिहिलेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

इथे बाईंना एक गोष्ट मुलांपासून लपवावीशी वाटली नाही. १९४२च्या आंदोलनापासून कम्युनिस्ट पक्ष दूर राहिला होता आणि गोदावरीताई त्याच पक्षाच्या. म्हणजे एकाच तारखेखाली, एकाच जिल्ह्याच्या मातीतल्या या दोन नोंदी, पण त्यांचे राजकारण वेगवेगळे. नववीच्या वर्गात एकाने सरळ विचारले, मग दोघे एकाच फळ्यावर कसे? बाईंचे उत्तर असे की पालघरच्या कचेरीवर गेलेले लोक आणि तलासरीच्या पाड्यांवर उठलेले लोक, दोघांनीही इथल्या माणसाच्या मानेवरचे जोखड उतरवायला आपले आयुष्य लावले. त्यांचे एकमेकांशी पटले नसते तर तेही शिकायचेच. दिनविशेष हा सगळ्यांना एका सुरात गायला लावण्याचा उद्योग नाही. हे त्यांचे मत, आणि ते बरोबर आहे.

त्या पानावरची सर्वांत धारदार नोंद मात्र दूरच्या समुद्रातली निघाली. १४ ऑगस्ट १९४१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट आणि ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी अटलांटिक सनद जाहीर केली. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ, युद्धनौकांवर त्यांची भेट झाली होती. सनदेतले तिसरे कलम म्हणते की आपले सरकार कोणत्या प्रकारचे असावे हे ठरवण्याच्या सर्व लोकांच्या हक्काचा आम्ही आदर करतो. पुढच्याच महिन्यात, ९ सप्टेंबरला, चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत खुलासा केला: हे नाझींच्या टाचेखालच्या युरोपीय देशांविषयी आहे, भारताचा प्रश्न वेगळा. आणि सनदेला बरोबर एक वर्ष झाले त्या तारखेला पालघरमध्ये, आपले सरकार आपण ठरवू म्हणणाऱ्या माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

दहावीच्या वर्गाला हे सांगताना बाई एक पथ्य पाळतात. मोर्चेकऱ्यांनी ती तारीख सनदेसाठी निवडली नव्हती. तारखा जुळल्या हा योगायोग. पण १४ ऑगस्ट १९४१ आणि १४ ऑगस्ट १९४२ या दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या की साम्राज्य म्हणजे काय, ते एरवी चार तासिकांत समजत नाही इतके स्वच्छ समजते. योगायोगाला कारण समजू नये, पण तो काय दाखवतो ते बघायला हरकत नाही.

मुलांसाठी त्या पानावर आनंदाचीही जागा आहे. १४ ऑगस्ट १९९० रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर सतरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने नाबाद ११९ धावा करून कसोटी वाचवली. ते त्याचे पहिले कसोटी शतक. हेलसिंकीला १९५२ साली कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव १४ ऑगस्ट १९८४ला गेले. २०२१पासून हाच दिवस देशभर विभाजन विभीषिका स्मृती दिन म्हणूनही पाळला जातो. एकाच चोवीस तासांत एवढे सगळे. फळ्यावर जागा पाच-सहा ओळींची. काय वर घ्यायचे आणि काय गाळायचे, ही निवड दररोज कुणीतरी करतच असते. ती विचार करून करावी एवढेच.

निवडीच्या आधी खातरजमा. बाईंचा नियम कडक आहे: छापील, नाव असलेल्या पुस्तकात किंवा विश्वकोशात सापडल्याशिवाय ओळ फळ्यावर जात नाही. मोबाइलवर आलेला निरोप तर नाहीच. याला कारण दर फेब्रुवारीत येते. १४ फेब्रुवारी जवळ आला की भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना याच दिवशी फाशी दिली, असा निरोप सगळीकडे फिरू लागतो. पालक तो पाठवतात, कधी शिक्षकही. खटल्याचा निकाल ७ ऑक्टोबर १९३०चा, फाशी २३ मार्च १९३१ची. ज्यांच्याविषयी इतका आदर आहे, त्यांच्या मृत्यूची तारीख तरी खरी लिहावी, असे बाई मुलांना कळकळीने सांगतात.

खऱ्या पुस्तकांतही तारखा भांडतात, तो धडा वसईने दिला. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३९च्या जानेवारीत तारापूरचा किल्ला मराठ्यांकडे आला आणि मे महिन्यात वसई. वसईच्या तहाची तारीख काही पुस्तकांत ५ मे आहे, काहींत १६ मे. दोन मुले दोन पुस्तके घेऊन भांडत आली. दोन्ही पुस्तके बरोबर होती. पोर्तुगीज नव्या ग्रेगरियन कॅलेंडरने चालत होते आणि मुंबईचे इंग्रज अजून जुन्या ज्युलियनने. दोहोंत त्या शतकात अकरा दिवसांचा फरक होता. इंग्रजांनी नवे कॅलेंडर १७५२ साली स्वीकारले. तेव्हापासून या शाळेत १६ मेच्या नोंदीपुढे ‘जुन्या पद्धतीने ५ मे’ असे लिहिले जाते. मे महिन्यात सुट्टी असल्यामुळे फळ्यावर नव्हे, पण वहीत.

१ ऑगस्टचे पान १४ ऑगस्टइतकेच गजबजलेले, फक्त त्याची जात वेगळी. लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२०चे आणि त्याच तारखेला, त्याच वर्षी, वाळवे तालुक्यातल्या वाटेगावला अण्णा भाऊ साठे यांचा जन्म. शाळाशाळांत दोन तसबिरी शेजारी मांडून एकच कार्यक्रम होतो. असहकार आंदोलनाचा आरंभही त्याच दिवसाचा. हे तिन्ही एका तारखेला आले ते आपोआप. पण राज्यात महसूल दिन १ ऑगस्टला असतो तो ठरवून; महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा, राज्याचा छत्तिसावा, १ ऑगस्ट २०१४ला अस्तित्वात आला, तेव्हा नव्या वर्षाची पाटी कोरी होती. सातपाटीच्या मुलांना त्या दिवसाचे आणखी वेगळेच महत्त्व: १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी संपते. बोटी डागडुजी करून तयार असतात, बर्फ भरायची गडबड असते. काही जण तरीही नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा झाल्यावरच निघतात. ती पौर्णिमा तिथीने येते, म्हणून वहीत तिला कायमचे पान नाही. दरवर्षी पंचांग बघून जागा द्यावी लागते.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली या दिवशी आपला शोध जाहीर केला आणि १९८७पासून तो दिवस पाळला जातो, एवढे सगळ्या शाळांत लिहिले जाते. तारापूरच्या दुसऱ्या अणुभट्टीत साखळी प्रक्रिया पहिल्यांदा सुरू झाली तीही २८ फेब्रुवारीलाच, १९६९ साली. पहिली अणुभट्टी त्याच महिन्याच्या १ तारखेला जागी झाली होती. दोन्ही भट्ट्यांतून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली ती २८ ऑक्टोबर १९६९पासून. देशातली अणुविजेची ही पहिली जागा, आणि ती शाळेपासून काही किलोमीटरवर. एका मुलाच्या आजोबांनी तिथे नोकरी केली होती. त्याने ती ओळ छाती भरून वाचली. पण त्याच वर्गात अक्करपट्टीच्या घरातली मुलगी होती. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या भट्ट्या २००५ आणि २००६मध्ये सुरू झाल्या. तिच्या घरी त्या तारखांना वेगळा अर्थ आहे. बाईंनी तिलाही ओळ लिहायला सांगितली. तिने गावाचे नाव लिहिले आणि पुढे ‘विस्थापित’ हा एकच शब्द. तो फळ्यावर दिवसभर राहिला.

एमआयडीसीतल्या पालकांकडून आलेली तारीख ४ मार्चची. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना १९६६ साली त्या दिवशी झाली आणि दरवर्षी त्या तारखेपासूनच्या आठवड्यात कारखान्यांच्या फाटकांवर फलक लागतात, कामगार सुरक्षेची शपथ घेतात. वडील रसायनांच्या रिॲक्टरवर काम करतात अशा घरात ही तारीख नुसती औपचारिक नसते. तारापूर एमआयडीसीतल्या स्फोटांच्या बातम्या मुलांनी वाचलेल्या असतात; काहींनी आवाज ऐकलेले असतात. भोपाळची वायुगळती २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्रीची. तिची स्मृती म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाई फळ्यावर वायू पसरला तर काय करावे, वारा कुठून येतो ते कसे पाहावे, कुठल्या बाजूने निघावे, हेही लिहून घेतात. दिनविशेष उपयोगी पडावा असा दुसरा दिवस नाही.

आणि मग १ जून. बाईंनी एकदा आठवीला गृहपाठ दिला: घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा लिहून आणा. वह्या आल्या तर घरोघरच्या आजी-आजोबांचा, काही आईवडिलांचाही वाढदिवस १ जूनला. जव्हारचे असोत, जळगावचे असोत, की इथल्याच पाड्यावरचे. मुलांना ती जादू वाटली. खरी गोष्ट अशी की जन्माची नोंद नसलेले मूल शाळेत आले की गुरुजी अंदाजाने वय धरून १ जून लिहून टाकत. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई आणि हिशेब सोपा पडे. पुढे तीच तारीख दाखल्यावर, नोकरीच्या कागदांवर, आधारकार्डावर गेली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून राज्यात ३१ मेला निरोपसमारंभांची रांग लागते. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९चा. तो पाड्यापाड्यापर्यंत पोचायला आणखी किती काळ गेला, ते या वह्यांत दिसत होते.

बाईंनी मुलांना परत घरी पाठवले, खरे दिवस विचारायला. उत्तरे आली: भातकापणी चालू होती तेव्हा. होळीच्या आदल्या रात्री. अणुकेंद्राचे काम चालू होते त्या पावसाळ्यात. एका आजीने सांगितले, मोह गळत होता. या कुठल्याच तारखा नव्हत्या, पण प्रत्येक जन्म आता ऋतूत बसला होता. त्या नोंदी वहीच्या शेवटी वेगळ्या पानांवर उतरवल्या आहेत. नामवंतांच्या जन्मतारखा जपणाऱ्या वहीत या आजी-आजोबांनाही जागा असावी, हे बाईंचे म्हणणे रास्त आहे. फळ्यावर रोज ज्यांचे नाव येते, त्यांच्याइतकीच हीसुद्धा या भागाची माणसे.

ही वही आता बरीच जाड झाली आहे आणि आजूबाजूच्या दोन-तीन शाळांतले शिक्षक तिच्या प्रती मागून नेतात. एवढ्यावर भागणार नाही. पालघर, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी, वसई, या आठही तालुक्यांतल्या शाळांनी आपापली वही करावी. पहिली ओळ आपल्या गावची किंवा तालुक्याची, मग राज्याची, मग जगाची. प्रत्येक ओळीपुढे ती कुठल्या पुस्तकात सापडली ते लिहावे, म्हणजे पुढच्या शिक्षकाला तपासता येईल. वाचक शिक्षक नसेल तर त्याने आपल्या गावच्या स्मारकावरची नावे आणि तारीख उतरवून जवळच्या शाळेत नेऊन द्यावी. सुरुवात १० ऑक्टोबरने करता येईल. १९४५ साली त्या दिवशी तलवाड्याला जमलेल्या वारली शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. मारले गेलेल्यांत जेठ्या गांगड होते. विक्रमगड तालुक्यातल्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर येत्या १० ऑक्टोबरला हे नाव पहिल्या ओळीत असायला हवे.